लिंबू उचललं का?

मुकादमाला मी धूळ चारली, असं आमच्या घरात अजून सांगतात. ते खरं नाही. धूळ तो आम्हाला चारत होता, सकाळच्या हजेरीपासून दिवस मावळेपर्यंत. मी ती फक्त थाळीत वाढून त्याच्यापुढे ठेवली. वाढलेलं पान त्याला गोड लागलं नाही, तर त्यात वाढणारीचा काय दोष?

थाळी पितळेची, माझ्या माहेरची. चिखलीहून लग्नात आलेली बाकीची भांडी एकेक करून गेली, ही तेवढी राहिली. तिच्या काठाला एक पोचा आहे. तो कसा पडला ते पुढे सांगते, कारण तो पाडणाऱ्याला मी अजून माफ केलेलं नाही.

तेव्हा आमचं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मोठे साहेब नागपूरला बसायचे, आणि नागपूर मलकापूरहून इतकं लांब की आमच्यातल्या कोणाचा खोकला तिथवर ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता. मलकापुरात रुळांच्या पलीकडे एका शेटजींची नवी जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायची गिरणी, उभी राहत होती. नवरा माझा गवंडी, तो भिंतीवर. मी आणि माझी मोठी जाऊ सुरखीवर.

सुरखी म्हणजे काय ते आता सांगावं लागतं, कारण सिमेंटच्या दिवसांत जन्मलेल्यांना ती माहीत नाही. पक्क्या भाजलेल्या विटांचे तुकडे हातोड्यानं कुटायचे, चाळायचे, परत कुटायचे. शेवटी पिठासारखी लाल पूड होते. ती चुन्यात मिसळली की भिंत अशी धरते की पाडणाऱ्याचे हात मोडतात. त्या जिनिंगच्या भिंती आजही उभ्या आहेत, कुटणाऱ्या बायका नाहीत.

आम्ही बारा जणी होतो. आम्हाला बसायला एक टीनाचं छप्पर, आणि त्याला चारी बाजूंनी पऱ्हाटीचे कूड, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या बांधून शेणामातीनं लिंपलेल्या भिंती. एक दार, तेही मुकादमाच्या बेतानं केलेलं, वाकून जावं असं. कूड कशाला? तर वाऱ्यानं सुरखी उडू नये म्हणून. उडालेली सुरखी म्हणजे शेटजींचं नुकसान. छातीत गेलेली सुरखी म्हणजे कोणाचंच काही नाही. संध्याकाळी आम्ही घरी निघालो की केसांपासून नखांपर्यंत लाल असायचो, आणि वाण्याच्या दुकानापाशी पोट्टे ओरडायचे, "शिमगा आला रे, शिमगा आला!" आम्हीही हसायचो. थुंकी लाल पडायची तेव्हा मात्र कोणी हसत नसे.

जाऊबाई माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. थोरले दीर साथीत गेले, तेव्हापासून ती आमच्यातच. मी तिला अहो-जाहो कधी केलं नाही. आईला कोणी करतं का? मी चार इयत्ता शिकलेली. विटेला बाराखडी काय कामाची, असं ती मला चिडवायची, आणि परगावहून कोणाचं पत्र आलं की अख्ख्या आळीत सांगत फिरायची, "आमची धाकली वाचून दाखवते, या."

तिचा गळा गोड होता. कुटताना गाणं ती धरायची आणि आम्ही अकरा जणी झेलायचो. गाणं नुसतं हौसेचं नव्हतं. बारा हातोडे एका ठेक्यात पडले की बोटं वाचतात. मुकादमालाही गाणं आवडायचं, कारण गाण्यावर कूट जास्त पडते. पण गाणं म्हणायचं तर तोंड उघडं राहतं. आम्ही ओळ झेलून तोंडावर पदर ओढून घ्यायचो. ती मात्र गातच राहायची. हे मला कळायला दोन हंगाम लागले. आपल्या अकलेचा मला तेवढ्याच एका गोष्टीसाठी राग येतो.

तिसऱ्या वर्षी, गणपती उठल्यानंतर, गाणं तुटायला लागलं. ओळ अर्धी राहायची आणि खोकला यायचा. कोरडा, खोल, हातोड्याच्या घावासारखा. एक दिवस ती गायलीच नाही.

मुकादम दारात आला. त्याच्या पायात करकरणारा जोडा आणि हातात छत्री असायची. छत्री पावसासाठी नव्हती आणि उन्हासाठीही नव्हती, ती माणसांकडे बोट दाखवायला होती. ती त्यानं जाऊबाईवर रोखली.

"काऊन वं, गाणं बंद काऊन झालं?"

जाऊबाईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पुन्हा खोकल्याची उबळ आली. मी म्हटलं, "मुकादम, धुयीनं छाती भरली तिची. वाऱ्याच्या अंगाचा एक कूड काढून टाका ना. अन् विटावर थोडं पानी मारू द्या."

"धूळ? कुठी हाये धूळ? मले तं दिसत नाही." हे तो नाकावर उपरण्याचा पदर धरून बोलत होता. "हा घरचा खोकला हाये. घरी चुल्हीत फुकून फुकून छाती भरून आनता, अन् इथी येऊन कामाले नावं ठेवता. अमावस्येपर्यंत पाह्यतो मी. मंग हजेरीतून हिचं नाव काढतो. छातीच्या रोगाची बाई बाकीच्या बायाइले लावून देईन."

घरचा खोकला. दोनच शब्द, पण त्यांनी काय केलं ते सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाई विहिरीवर गेली, तर शेजारणीनं आपली घागर हळूच बाजूला घेतली. वाईटपणानं नव्हे, भीतीनं. घरात छातीचा रोग आहे असं एकदा झालं की त्या बाईच्या हातचं पाणी कोणी पीत नसे. काम तर जाणारच होतं. पण काम गेल्यावर ती कुठं बसणार, कोणाशी बोलणार, कोणाला भाकरी वाढणार? खोकला कोणाचा, एवढाच प्रश्न होता, आणि त्यावर तिचं उरलेलं सगळं आयुष्य लटकलं होतं. अमावस्येला बारा दिवस होते.

मला इतका संताप आला होता की दोन दिवस मला जेवण गेलं नाही. जाऊबाई म्हणाली, "जेव माय. रागानं त्याचं पोट भरतं, आपलं नाही भरत."

तिसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन मी मुगवड्या घातल्या. मुगवड्या घालायच्या थाळीला तेलाचं बोट फिरवतात, नाहीतर वड्या चिकटून बसतात. मी तीन थाळ्यांना तेल लावलं आणि डाळ दोनच थाळ्यांत संपली. तिसरी, माहेरची पितळेची, तशीच उन्हात राहिली. संध्याकाळी उचलायला गेले तर तिच्यावर रस्त्याची धूळ बसलेली, बोटानं रेघ ओढावी इतकी. शेजारची कोरडी परात मात्र जशीच्या तशी. तिच्यावर बसलेलं वाऱ्यानं परत नेलं होतं. तेलावर बसलेली धूळ उठून जात नाही. मी त्या थाळीकडे पाहत उभी राहिले आणि स्वतःशीच म्हटलं, घरचा का कामावरचा, हे आता हीच सांगेल.

दुसऱ्या दिवशी ती थाळी तेल लावून चुलीपाशी ठेवली, आणि शेजारच्या म्हातारीला सांगून गेले की हलवू नका. आमचं मांजर फार चौकस. ते थाळी ढकलेल म्हणून मधोमध काहीतरी वजन हवं होतं. जाऊबाई खोकल्यावर चोखायला लिंबू जवळ ठेवायची, त्यातलंच एक ठेवलं. संध्याकाळी परत येऊन स्वयंपाक झाल्यावर लिंबू उचललं. लिंबाखालचं पितळ आणि बाजूचं पितळ यांत फरक होता खरा, पण दिव्याजवळ नेऊन डोळे बारीक केल्यावर दिसेल इतकाच. थोडी राख, थोडं काजळ. दोन वेळच्या स्वयंपाकाचं एवढंच.

तिसऱ्या दिवशी तीच थाळी, तेवढंच तेल, तेच लिंबू, आणि जागा कुडाच्या आतली, आमच्या रांगेच्या मागे. संध्याकाळी लिंबू उचललं तर थाळी लाल होती आणि मधोमध एक पिवळाधमक गोल. बाराही जणी वाकून पाहत राहिल्या. एकीनं आपल्या छातीवर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही.

मी थाळी घेऊन थेट मुकादमापुढे गेले. तो छपराबाहेर पान जुळवत बसला होता. चुलीची थाळी कशी होती, ही कशी आहे, सगळं नीट सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, हसला आणि म्हणाला, "तूच बोटानं लावलं असशीन. चार बुकं शिकली म्हनून मुकादमाच्या डोयात धूळ फेकतं का वं?" आणि छत्रीच्या टोकानं थाळी माझ्या हातातून उडवली. ती दगडावर पडली. पोचा तेव्हाचा.

घरी नवरा म्हणाला, "झालं ना समाधान? आता चूप बस. भिंतीवरून मलेबी उतरवीन तो." तो भित्रा नव्हता, बायकोला ओळखून होता. मी चूप बसले, पण डोकं चालूच होतं. मुकादमाचं म्हणणं होतं की मी बोटानं लावली. मग थाळी अशा ठिकाणी हवी होती की जिथं सकाळनंतर माझं बोटच पोचणार नाही.

अमावस्येच्या आदल्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी कामावर गेले. विटांच्या ढिगावर चढून छपराच्या आडव्या लाकडावर थाळी ठेवली, तेल लावलेली, मधोमध लिंबू. लिंबू जाऊबाईनंच दिलं. "पडशीन वं," म्हणाली, आणि खालून विटांचा ढीग धरून उभी राहिली, जसं काही तिच्या धरण्यानं ढीग थांबणार होता. माझा बेत सोपा होता. संध्याकाळी मुकादमाला बोलवायचं, त्याच्या देखत, त्याच्याच माणसाकडून थाळी उतरवायची.

पण दुपारनंतर जाऊबाईला अशी उबळ आली की श्वास सापडेना. डोळे पांढरे झाले. दोघींनी धरून तिला बाहेर काढलं, मोकळ्या वाऱ्यात बसवलं, तोंडावर पाणी मारलं. मी तिला खांद्याला टेकवून घरी नेलं. थाळीची आठवण झाली तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती.

दुसऱ्या दिवशी अमावस्या. अमावस्येला गवंडी करणीला हात लावत नाही. (गवंड्याच्या थापीला आमच्याकडे करणी म्हणतात, आणि जादूटोण्यालाही करणीच म्हणतात. हे पुढे उपयोगी पडेल.) काम बंद, फाटक बंद. दिवसभर माझा जीव त्या आडव्या लाकडावर टांगलेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तर सगळी माणसं बाहेरच. गवंडी, बिगारी, बाया, पाणी वाहणारे, सगळे सुरखीच्या छपरापासून पन्नास पावलं लांब उभे. चुन्याची घाणी हाकणारा म्हातारा जमिनीवर बसून घाम पुसत होता. घाणी म्हणजे गोल दगडी चर. त्यात बैल एक जड चाक फिरवतात आणि चुना मळला जातो. म्हातारा बैल जुंपायला पहाटे आला होता. त्याला छपरात काहीतरी चमकताना दिसलं. कोणी थाळी विसरलं म्हणून त्यानं विटांच्या ढिगावर चढून हातानं खाली घेतली, दारात उजेडाला ठेवली, आणि मग आत काय आहे ते पाहिलं. लाल भडक कुंकू, तेल, आणि मधोमध लिंबू. तेही अमावस्या उलटल्याच्या सकाळी. तो बैल तिथेच टाकून पळाला.

"करनी!" तो सांगत होता. "थाळी भरून करनी!"

एक गवंडी म्हणाला, "कोनती करनी? भिंतीची का अंगावरची?" कोणी हसलं नाही. एरवी हसले असते.

मला खरंच घाम फुटला. आता हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. करणी करणारी म्हणून एखाद्या बाईचं नाव निघालं की तिचं काय होतं, ते मी लहानपणी ऐकलेलं होतं. तिच्या हातचं पाणी सोडाच, तिची सावलीसुद्धा नको असते. नवऱ्यानं माझा कोपर धरला. "एक शब्द बोलू नको." मी बोलणारही नव्हते. खोटं कशाला सांगू? मी गप्प राहिले होते.

मुकादम आला. आधी तो ओरडला, मग छत्री उगारत छपराकडे गेला, दहा पावलांवर थबकला आणि तितकीच पावलं उलटा आला. शेटजी दुपारच्या गाडीनं भिंती पाहायला येणार होते आणि इथं एकही माणूस आत पाऊल टाकायला तयार नाही. "अरे, जा ना! कायचं भेव?" पण स्वतः जाईना. देवऋष्याला बोलवा, कोणीतरी म्हणालं. मुकादमाला ते पटलं. आणि मग त्याची छत्री गर्दीवरून फिरत फिरत जाऊबाईवर थांबली.

"दुसरं कोन करीन? जिचं नाव काढनार होतो, तिनंच केलं."

जाऊबाईभोवतीची माणसं मागे सरली. तिच्याभोवती एक रिकामा गोल झाला. ती मधोमध उभी, पदर तोंडावर धरून. ती माझ्याकडे पाहत नव्हती. मुद्दाम पाहत नव्हती. मला वाचवायला ती ते आपल्या अंगावर घेणार होती, हे मला तिच्या न पाहण्यातून कळलं.

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी कोपर सोडवला आणि चालायला लागले. मागून नवरा काहीतरी म्हणाला. मी थेट दारापाशी गेले, वाकले, लिंबू उचललं, पदराला पुसलं, दातानं फोडलं आणि सगळ्यांकडे तोंड करून चोखलं. इतकं आंबट लिंबू मी जन्मात खाल्लं नाही.

बायका किंचाळल्या. घाणीवाल्यानं डोळे मिटून घेतले. मी थाळी उचलून परत आले.

"थाळी माही हाये," मी म्हटलं. "चिखलीची. परवा सकाळी मीच वर ठेवली. हे कुंकू नाही."

"मंग काय हाये?" मुकादम.

"तुमीच सांगा. तुमची हाये."

बाईच्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार? कोणी पुढे येईना. तेव्हा हेड मिस्त्री पुढे आले. सत्तरीकडे झुकलेले, मुसलमान, सगळ्या कामावर चाचा म्हणून ओळखले जाणारे. चुना हातात घेऊन किती दिवस मुरलाय ते सांगणारा माणूस. मुकादमही त्यांच्यासमोर छत्री खाली ठेवायचा. त्यांनी थाळी हातात घेतली, बोटानं थोडं खरवडलं, चिमटीत चोळलं, कानाजवळ नेऊन चोळण्याचा आवाज ऐकला. मग पाण्याचा लोटा मागवला आणि चिमूट त्यात सोडली. कुंकू असतं तर पाणी लाल झालं असतं. पाणी जरा गढूळलं, आणि हळूहळू तळाशी लाल गाळ बसला.

"सुरखी है," चाचा म्हणाले. "आपलीच. अन् असली बारीक, का मी तीस साल मांगून राह्यलो, मले भिंतीले कधी भेटली नाही. अव्वल माल तं इथी उडून राह्यला."

तरी माणसं हलेनात. चाचा मिस्त्री खरे, पण कामाचा मालक मुकादम. तो हात लावील तर आम्ही आत जाऊ, असं बिगाऱ्यांचं म्हणणं पडलं. मुकादमानं रुळांकडे पाहिलं. गाडीची वेळ होत आली होती. मग त्यानं उपरण्याला हात पुसले, थाळीत बोट घातलं, ते वर करून सगळ्यांना दाखवलं आणि छपरावरच्या कावळ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "करनी नाही, बाप्पा! सुरखी हाये! आपल्याच कामाची धूळ हाये!"

"किती दिवसाची?" मी विचारलं.

"एकाच दिवसाची! परवा सकाळी ठेवली, काल काम बंद. एका दिवसात बसली एवढी, भेता काऊन?"

तो त्यांची भीती घालवायला ओरडत होता. आपण काय बोलतोय ते त्याला कळलंच नव्हतं. बाकी सगळ्यांना कळलं. आणि त्या रिकाम्या गोलातून जाऊबाई बोलली. आवाज बसलेला, पण गाणं धरणारीचा, शेवटच्या माणसापर्यंत जाणारा.

"मंग खोकला कोनाचा, मुकादम?"

मुकादमाचं बोट अजून वरच होतं, लाल. त्यानं ते खाली घेतलं आणि धोतराला पुसलं. त्याचं उत्तर आम्हाला नकोच होतं. आम्ही अकराजणी जाऊबाईपाशी जाऊन खाली बसलो आणि म्हटलं, वाऱ्याकडचा कूड पडल्याशिवाय आत जाणार नाही. तो म्हणाला, सुरखी उडून जाईल. मी म्हटलं, पाणी मारा. तो म्हणाला, ओली सुरखी चाळणीतून पडत नाही. हे त्याचं खरं होतं.

उत्तर चाचांनी दिलं. "चाळता काऊन? बाया विटा जाड्याभरड्या फोडतीन, ओल्या करून. बारीक घाणीत करू, चुन्यासंगं. तिथी तं पानी पडतेच. बैल पिसतीन." आणि मुकादमाकडे वळून म्हणाले, "पानी भराले बाया लागतीनच. एकबी नाव काटू नको."

इतकी सोपी गोष्ट. तीन हंगाम आम्ही पीठ करत बसलो होतो, आणि ते काम दोन बैलांचं होतं. चाचांना मी पुढे एकदा विचारलं, तुम्हाला हे ठाऊक होतं तर आधी का नाही बोललात? ते थापी धूत होते. धुता धुताच म्हणाले, "बेटी, मी भिंत पाह्यत होतो." मला त्यांचा राग यायला हवा होता. थोडा आलाही.

शेटजी आले तेव्हा कूड पडलेला होता आणि विटा भिजत होत्या. त्यांनी भिंतीला हात लावून पाहिला, छान म्हणाले आणि परत गाडीत बसले. त्यांना कोणी काही सांगितलं नाही.

थाळी त्या दिवसापासून रोज लाकडावर चढायची, उघड, सगळ्यांच्या देखत. तेल आळीपाळीनं. संध्याकाळी खाली घ्यायची आणि एकीनं लिंबू उचलायचं. गोल दिसला नाही तर घरी जायचं. दिसला तर दुसऱ्या दिवशी विटा नीट भिजल्याशिवाय हातोडा कोणी उचलायचा नाही. कामावर ती म्हणच झाली. जेवणाच्या सुट्टीत गवंडी भिंतीवरून विचारायचे, "काय वं बाया, लिंबू उचललं का?" पहिल्यांदा चेष्टेनं. पुढे पुढे त्यांच्यातलाच एक जण आपल्या पालथ्या घमेल्याला तेल लावून भिंतीवर ठेवताना दिसला, म्हणजे चेष्टा संपली.

गिलाव्याच्या दिवसांत मुकादम आमच्यावर ओरडता ओरडता खोकायला लागला. बऱ्यापैकी खोकला. जाऊबाई विटा भिजवत होती, ती वर न पाहता म्हणाली, "घरचा हाये का कामावरचा, मुकादम?" आम्ही अकराजणींनी पदर तोंडात कोंबले. तो वळून घाणीवाल्याला ओरडून म्हणाला, "पानी मार रे, पानी! दिसत नाही का, धूळ उडून राह्यली!" त्याला धूळ दिसायला लागली होती एकदाची.

जाऊबाईचं नाव निघालं नाही. विहिरीवरच्या शेजारणीनं आठवडाभरानं स्वतःहून घागर जवळ आणली. पण जिनिंग पुरी होईपर्यंत गाणं परत आलं नाही. खोकला कमी झाला, गेला नाही. छातीत बसलेलं ते तेलावर बसलेल्यासारखंच असतं, उठून जात नाही. त्याचा राग मला आजही येतो, आणि तो मी ठेवणार आहे.

ती पुढे बरीच वर्षं जगली. तिच्या हातची भाकरी आळीनं खाल्ली, तिच्या हातचं पाणी परक्यांनी प्यालं. शेवटच्या आजारात लोक पाहायला यायचे. दारातूनच विचारायचे, "कसा हाये वं जिनिंगचा खोकला?" घरचा कोणी म्हणत नसे. त्या जिनिंगच्या फाटकावर शेटजींचं नाव दगडात कोरलेलं आहे. खोकलाही आम्ही त्यांच्याच नावावर केला.